पहिलं माप मोजत नसतात

८ जानेवारी

ही डायरी बी-बियाण्याच्या दुकानदारानं दत्ताला दिलेली. दत्ता माझा लेक, पुण्याकडं कंपनीत कामाला, त्याला कशाला लागती डायरी? ट्रंकेत पडून होती. छापलेल्या तारखा जुन्या हायत, त्या खोडून मी नव्या टाकायलेय.

आज काढली, कारण घरात एक परकी बाई यायला लागली. अशा माणसावर नजर ठेवायची तर लिहून ठेवलेलं बरं. उद्या काही गेलं, काही झालं, तर तारखेसकट तोंडावर मारता येतं. माझी चौथी झालीय. पाचवीला बसायच्या आधीच बोहल्यावर बसवलं. पण अक्षर अजून वाचता येतंय.

बाईचं नाव उत्तरा. परभणीहून स्कुटीवर येती. लग्न झालेलं दिसत न्हाई. कोणत्या तरी संस्थेची हाय आणि शाळेतल्या महारुद्र सरानं पाठवलीय. म्हणली, "आजी, साक्षीला मोजणं जमत नाही. मी घरी येऊन घरातल्याच वस्तूंनी शिकवीन. पाटी नाही, पुस्तक नाही."

मी म्हणले, "पाटी न्हाई, पुस्तक न्हाई, मग शिकवणार काय, डोंबल?"

हसली. बोलणी खाऊन हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा येत न्हाई.

साक्षी माझी नात, दुसरीत हाय. तिचे माय-बाप आणि बारका भाऊ तिकडं एका खोलीत राहतेत, म्हणून ही माझ्याकडं. दत्तानं दिवाळीतच सांगून ठेवलंय, मार्चात शाळेत तपासणी हाय, त्यात पोरगी मागं पडली तर इकडं आणून इंग्रजी शाळेत घालतो. मी म्हणले, खुशाल ने. मला काय, एक ताट कमी घासावं लागंल.

पण बारापर्यंत पाढे धडाधड म्हणती ती. मग तिला मोजता कसं येत न्हाई? सराचीच काहीतरी खोट असणार. आणि ही बाई जाताना चूल, कणगी, शेळ्या, सगळं बघून गेली. डोळे लय फिरतेत तिचे.

१० जानेवारी

आज लिंबू गेलं.

लोणच्यासाठी सकाळी झाडाची सहा लिंबं तोडून टोपलीत ठेवली होती. उत्तरानं ती साक्षीपुढं ओतली आणि म्हणली, मोज. साक्षीनं एकेक उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणली, "पाच."

मी पीठ मळायले होते. पिठाच्या हातानंच उठले. "बाई, ती पिशवी जरा झाडा."

उत्तरा माझ्याकडं बघतच राहिली. मग झाडली. पेन, रुमाल, एक अर्धा खाल्लेला पेरू. लिंबू न्हाई. साक्षी म्हणली, "आजी, असं काय करतीस गं." मी म्हणले, तू गप.

बाई गेल्यावर मी टोपलीतली लिंबं मोजली. सहा.

म्हंजे परत ठेवलं. पिशवी झाडायला लावली तशी भ्याली असंल. कवा ठेवलं ते मला दिसलं बी न्हाई, एवढी हातचलाखी. जपून राहायला पाहिजे.

१२ जानेवारी

उद्या भोगी म्हणून आज बाजरीचं दळण काढलं. साक्षी मापाजवळ बसली होती. मी पहिलं माप घातलं, लाभ म्हणले, मग दोन, मग तीन.

पहिल्या मापाला एक म्हणत नसतेत हे आताच्या सुनांना कुणी सांगितलं न्हाई. माझी सून राजेश्री डब्यातून तांदूळ काढताना खुशाल एक म्हणती. म्हणून तर तिच्या डब्याला बरकत न्हाई, महिना सरायच्या आत तळ दिसतो. साक्षीला ती बारकी असतानाच मी बजावून ठेवलंय. तिनं एकदा इचारलं होतं, आजी, लाभ म्हंजे किती? मी म्हणले, लाभ म्हंजे किती-बिती काही न्हाई. पहिलं माप लक्ष्मीचं, ते मोजत नसतात. तवापासून पोरगी मापापुढं कशी हात जोडून बसती.

एवढ्या शहाण्या लेकराला ह्या लोकांनी ढ ठरवलंय.

१६ जानेवारी

संक्रांतीला आली न्हाई, आज आली. आल्या आल्या भाकरी मागितली. मला वाटलं भूक लागली. तर म्हणली, "साक्षी, ही भाकरी आपल्या चौघींना सारखी वाट. मी, तू, आजी आणि दारातली शेळी."

शेळीला भाकरी! तीही ताजी!

साक्षीनं अर्धी मोडली, अर्ध्याची अर्धी केली, चार चतकोर बरोबर झाले. एक शेळीला देऊन आली. उत्तरा म्हणली, "बघा आजी, वाटणी अगदी बरोबर. पाढे बरोबर. पण मोजायला लावलं की दर वेळी एकानं कमी. कळतच नाही मला."

मी म्हणले, "एकानंच ना? एकासाठी एवढी बोंब? माणसं आख्खं रान गिळायलीत, त्यांना कुणी इचारत न्हाई."

मग चिंचोके मोजायला दिले. आज मी नीट बघत होते, आणि मला एक गोष्ट दिसली. पहिला चिंचोका उचलताना साक्षीचे ओठ हलतेत. आवाज न्हाई. दुसऱ्या चिंचोक्यापासून तोंडातून आकडे यायला लागतेत.

हे काय हाय? पहिल्याच चिंचोक्याला काय पुटपुटती? ही बाई लेकराला काही मंतरबिंतर शिकवायलीय का? साक्षीला इचारलं तर मान खाली घातली आणि अंगठ्यानं जमीन उकरत बसली. शिकवलेलं पोर असंच करतंय.

उतारा म्हणून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली.

२१ जानेवारी

आता मला तिचा डाव कळला. ही रेशनवाल्यांचं माणूस हाय.

आज घरातलं सगळं मोजायला लावलं. शेळ्या किती, गोधड्या किती, ताटं किती. कशाला पाहिजे तिला? कुणाकडं काय हाय हे लेकराच्या तोंडून काढायचं आणि वर कळवायचं. लेकरं खोटं बोलत न्हाईत हे सगळ्यांना ठाऊक असतंय.

पण माझी नात माझीच. तीन शेळ्या दारात बांधलेल्या, ही म्हणली, "दोन." मी चुलीकडं तोंड करून हसले. मनात म्हणले, शाब्बास. सरकारला एक शेळी कमीच सांगावी. कुणी शिकवलं न्हाई तरी अक्कल बघा.

मग उत्तरानं इचारलं, "आणि तुमच्या घरात माणसं किती?"

साक्षीनं माझ्याकडं बोट केलं. मग आपल्या छातीवर बोट ठेवलं. म्हणली, "एक."

हसणं माझं तिथंच थांबलं. उत्तरानं ते लिहून घेतलं.

शेळी लपवली ते ठीक. पण मला लपवलं? मी काय शेळी हाय?

२४ जानेवारी

दत्ताचा फोन. आज रविवार न्हाई, सण न्हाई, तरी फोन. तवाच कळलं काहीतरी हाय.

"आई, तू साक्षीला घरी एकटी सोडून कुठं जायलीस?"

"मी कुठं जाणार? मसणात?"

"वाकडं बोलू नको. शाळेतून फोन आला होता. पोरगी म्हणती, घरात एकच माणूस असतंय. तिला भ्या वाटत असंल. राजेश्री कालपासून रडायलीय."

"तिला म्हणावं रडून झालं की तांदळाचं झाकण लाव."

"आई, ऐक. तपासणीला मी स्वतः येतो. सर काय म्हणतेत ते बघतो. जमत नसंल तर त्याच दिवशी घेऊन जातो तिला. खोली बारकी हाय, पण दोन माणसं तरी असतेत तिथं."

मी फोन ठेवला.

साक्षीला इचारलं, "काय गं, मी घरात नसते का?" तर म्हणली, असतीस की. "मग एक कसं म्हणलीस?" गप. "त्या बाईनं सांगितलं का तसं म्हणायला?" न्हाई म्हणली. "मग कुणी?" गप. मी जरा जोरात ओरडले. ती शेळीजवळ जाऊन बसली आणि तिचे कान ओढत राहिली.

पोरगी गेली तर शेळ्यांना पाला कोण टाकील, हा इचार करायलेय. मला झाडावर चढणं होत न्हाई आता. सुईत दोरा कोण ओवील. म्हंजे अडचणी हायतच.

२५ जानेवारी

उत्तरा आली होती. मी दार उघडलं न्हाई. साक्षी आतून म्हणली, ताई, आजी घरी हाय. मुद्दाम मोठ्यानं म्हणली.

२९ जानेवारी, आमुशा

शाळेत गेले. महारुद्र सर पोरांना खिचडी वाढायले होते. डाव हातात धरूनच बोलले.

"आजीबाई, तुम्ही त्या मुलीला दारातून परत पाठवली. कुणासाठी येती ती? फुकट येती."

"फुकट येणाऱ्याचीच भीती असती सर. दाम घेणारा दाम घेऊन जातो तरी."

सर हसले न्हाईत. बाजूला या म्हणले. "साक्षी हुशार हाय. पण तिच्यापुढं दहा खडे ठेवा, नऊ म्हणती. पाच ठेवा, चार. आणि मोजताना सुरुवातीला गप बसती. पहिलीत असताना सुरुवातीला काहीतरी वेगळंच म्हणायची, पोरं हसायची. तवापासून मनात म्हणती. काय म्हणती ते सांगत न्हाई. तपासणीला बाहेरचे लोक येणार हायत, ते नऊ लिहून घेतील आणि मोकळे होतील. घरी काही असलं तर सांगा."

"घरी काय असणार? घरी सगळं बरोबर हाय," मी म्हणले.

पण वाटेत एक इचार आला. हे ओठ हलणं पहिलीपासूनचं हाय. उत्तरा तर आत्ता आली. म्हंजे मंतर तिचा न्हाई. मग कुणाचा? कोण हाय माझ्या पाठीमागं लेकराच्या कानाशी लागणारं?

शेजारच्या पोरांवर नजर ठेवायला पाहिजे.

६ फेब्रुवारी

उत्तराला येऊ दिलं. समोर असलेला चोर बरा. आज तांब्यानं घागर भरायला लावली, किती तांबे बसले ते इचारलं. अंगणभर चिखल. साक्षीचं पुन्हा एक कमी. उत्तरा चेहरा पाडून बसली होती. मी चहा दिला. साखर कमी घातली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

आमचं रान व्यंकटराव बटईनं करतो. नात्यानं चुलत दीर, वयानं माझ्याएवढाच. ज्वारीचं खळं झालं, माझ्या वाट्याची पोती घेऊन आज आला. सगळे आता काट्यावर वजन करतेत. मी एक पोतं तरी पायलीनं मोजून घेते. माप डोळ्यापुढं पडतं, काट्याच्या पोटात काय हाय ते कुणाला दिसतंय?

उत्तरा बी आली होती. पायली कधी पाहिली न्हाई म्हणली. बापाचं कार्यालय आणि माईची शाळा, असल्या घरातली. पायली उलटीसुलटी करून बघायली.

मी साक्षीला राखण बसवलं. म्हणले, "व्यंकटआबा माप घालतेत, तू मनात मोज. तोंडानं बोलू नको. शेवटी सांग."

व्यंकटराव म्हणला, "वैनी, नातीला पहारा लावला व्हय माझ्यावर?"

"तुमच्यावर न्हाई, मापावर."

पोतं रिकामं झालं. व्यंकटराव म्हणला, "वीस."

साक्षी म्हणली, "एकोणीस."

झालं. माझं डोकंच फिरलं. एवढी वर्सं रान खातो हा माणूस, आणि दरसाली एका पायलीला बोटं लावत आला असंल तर? मी काय बोलले ते सगळं लिहीत न्हाई. त्याच्या बापापर्यंत गेले. त्याचा बाप माणूस चांगला होता, पण त्या वखताला इलाज नव्हता. व्यंकटराव लालभडक झाला. म्हणला, "वैनी, नियत काढू नका. ओता परत. पोरीलाच मोजू द्या, मोठ्यानं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाऊ द्या."

पुन्हा ज्वारी ओतली. शेजारच्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. व्यंकटरावानं पायली भरली, हातानं सपाट केली, टोपल्यात उपडी केली.

साक्षीनं हात जोडले आणि म्हणली, "लाभ."

दुसरी पायली पडली.

"एक," साक्षी म्हणली.

व्यंकटरावाचा हात पायलीवरच राहिला. तिसरी पडली.

"दोन."

उत्तरा पुढं येऊन साक्षीसमोर बसली. हळूच म्हणली, "साक्षी, लाभ म्हणजे किती?"

"लाभ म्हंजे किती न्हाई. ते लक्ष्मीचं असतंय. मोजत नसतात."

"लिंबं मोजताना पण पहिलं लक्ष्मीचं?"

"हं."

"खडे पण? शाळेतले?"

"सगळ्याचंच पहिलं लक्ष्मीचं असतंय की." आणि मग असं बघितलं उत्तराकडं, जसं तिलाच काही येत न्हाई. "तिथून पुढं शाळेचं. एक, दोन, तीन."

"कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं."

सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्या. मी म्हणले, "लेकरू हाय. काहीतरी कुठंतरी ऐकतंय आणि काहीतरी म्हणतंय."

व्यंकटराव पोटाला हात लावून हसायला लागला. "वैनी, तुमचंच बियाणं हाय! पोतं पुरं हाय बरं का माझं!"

त्याची माफी मागायचा प्रश्न येत न्हाई. मागच्या साली त्यानं बांध कोरला होता, ते मी इसरले न्हाई. जाताना त्याला गाडगं भरून ताक दिलं. उत्तरा मात्र हसली न्हाई. तिचे डोळे भरले होते. कशाला, ते कळलं न्हाई. तिचं काय गेलं होतं?

२४ फेब्रुवारी

उत्तरा सकाळीच हजर. म्हणली, "आजी, तपासणीपर्यंत घरात लाभ म्हणू नका. फक्त तेवढे दिवस. सरळ एकपासून म्हणा. तिच्या डोक्यात दोन मोजण्या एकापुढं एक बसल्यात. घरातली आणि शाळेतली."

मी म्हणले, "ह्या घरात आले तवापासून राशीवर एक म्हणले न्हाई. नवरा वारला त्या साली म्हणले न्हाई, दुष्काळात मापच नव्हतं तवा म्हणले न्हाई. आता तुझ्या तपासणीसाठी घरची बरकत घालवू?"

"मग मुलगी जाईल, आजी."

हे तिला कुणी सांगितलं? दत्ताचं आणि माझं बोलणं फोनवर झालं होतं. ऐकती कुठून ही?

गेली. दिवसभर दळण काढलं न्हाई. पीठ होतं थोडं, त्यात भागवलं.

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

उपास. साक्षीनं बी धरला, पण रताळं दोनदा खाल्लं.

दुपारी तिला समोर बसवलं. ज्वारीचं टोपलं घेतलं, माप घेतलं.

म्हणले, "मी इकडं माप घालते. बघ." घातलं. "लाभ. पडलं का न्हाई टोपल्यात?"

"पडलं."

"ह्याचं दळण होणार का?"

"व्हणार की."

"भाकरी कोण खाणार? लक्ष्मी खाणार व्हय?"

"आपण खाणार."

"मग मोजायचं का न्हाई?"

ती घाबरली. "लक्ष्मीचं मोजलं तर ती जाती. तूच म्हणलीस."

असं मी म्हणले असंन तर कशाच्या तरी रागात म्हणले असंन. पण ते सांगत बसले न्हाई. म्हणले, "लक्ष्मी घरात राहती ना? मग तिला फुकट ठेवायचं का? घरातलं माणूस म्हणून तिला बी धरायचं. फक्त नाव आदरानं घ्यायचं. तू सराला महारुद्र म्हणून हाक मारतीस का?"

"न्हाई. सर म्हणते."

"पण हजेरीत सर धरायचेच ना? तसंच हे. एकाला लाभ म्हणायचं. त्याच्या मागून थेट दोन. एक पुन्हा यायचा न्हाई, तो येऊन गेला."

तिनं लय इचार केला. बोटावर बोट ठेवलं. "लाभ. दोन. तीन." मग म्हणली, "आणि शाळेत?"

"शाळेतले खडे सरकारचे. सरकारी मालाला बरकत लागत न्हाई. तिथं एक म्हण."

हे तिला पटलं. मग शेळ्या मोजून आली. तीन. गोधड्या मोजल्या, बरोबर. आता ही रेशनवाल्यांना सगळं खरं सांगणार, ते वेगळं संकट.

मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "मग आता तुला बी मोजायचं का?"

"मला म्हंजे?"

"तू पहिली हायस ना घरात. म्हणून मी तुला मोजत नव्हते."

मी म्हणले, "मी काय ज्वारी हाय का गं?" आणि तिला पाला आणायला धाडलं. चुलीत फुंकर घालत बसले. रताळी उकडून चूल सकाळीच इझवली होती, हे नंतर ध्यानात आलं.

४ मार्च

तपासणी झाली.

दत्ता सकाळी आला. हातात एक मोठी बॅग. उचलून बघितली तर रिकामी. मी काही इचारलं न्हाई. इचारायचं काय त्यात, साक्षीचे कपडे न्यायला आणली होती.

शाळेत लेकरांना एकेक करून आत घ्यायले होते. मोठ्या माणसांना बाहेर उभं केलं. मी खिडकीशी गेले. महारुद्र सर म्हणले, आजीबाई, तिथं थांबू नका. मी म्हणले, ऊन लागतंय, सावलीला आले. ऊन पलीकडच्या बाजूला होतं.

साक्षीपुढं एका बाईनं खडे ओतले. पोरगी त्याकडं बघत बसली. पहिला खडा उचलला. ओठ हलले. आवाज न्हाई. मी खिडकीच्या गजातून हात आत घालून एक बोट वर केलं. तपासणीवाल्या बाईनं वर बघितलं. मी त्याच बोटानं नाक खाजवलं.

"एक," साक्षी म्हणली. मोठ्यानं. बाहेर उभ्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मग शेवटपर्यंत गेली. आठ खडे होते, आठच म्हणली. शेवटी त्या बाईनं इचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आजी आन् मी. दोन."

दत्ता माझ्या मागंच उभा होता. खाली बघून चपलेनं माती सारखी करत राहिला. बारका असताना चुकला की असंच करायचा.

संध्याकाळी ताटं मांडताना साक्षीनं माझ्यापुढं ताट ठेवलं, म्हणली, "लाभ." स्वतःचं ठेवलं, "दोन." बापाचं ठेवलं, "तीन."

दत्ता हसला. "लाभ, दोन? मग एक कुठं गेलं, शहाणे?"

"एक म्हंजे आजीच. पण तिला एक म्हणत नसतेत."

दत्तानं पाणी मागितलं. मी म्हणले, हात हायत ना, घे उठून. भाकरी कडक झाली होती जरा, मी ती कालवणात कुस्करत बसले.

५ मार्च

दत्ता गेला. एकटा. जाताना म्हणला, "चौथीपर्यंत राहू दे इथंच. राजेश्रीला मी सांगतो." मी म्हणले, बघ बाबा, तुझी मर्जी, माझी काही जबरदस्ती न्हाई.

रिकामी बॅग घेऊन घरातून जाऊ नये. तिच्यात धुतलेली चादर अंथरली आणि ज्वारीचं पीठ भरायला घेतलं. पहिलं माप घातलं. मी तोंड उघडायच्या आत साक्षी म्हणली, "लाभ." मी दुसरं माप भरून थांबले, तिच्या तोंडाकडं बघत.

"दोन," ती म्हणली. "माझ्याकडं काय बघतीस? घाल की."

दत्ताला बजावून सांगितलं, तुझ्या बायकोला म्हणावं, डब्यात घालताना हिच्यासारखं मोज.

उत्तरा दुपारी आली होती, पेढे घेऊन. मी एक खाल्ला, ताजे होते. म्हणली, "आजी, आता वजाबाकी. ती पण घरातल्याच वस्तूंनी." वजाबाकी म्हंजे घरातून काहीतरी जाणार, एवढं मला चौथीतलं आठवतंय.

झाडाची नवी लिंबं तोडून टोपलीत ठेवलीत. पहिल्यासकट सहा.